ऑक्टोबरचं पित्त

नवरात्राचा उपास. सकाळी रिकाम्या पोटी चहा, मग मिरची-दाण्याच्या कुटाची साबुदाणा खिचडी. चारच्या सुमाराला घशाशी आंबट येतं, डोळे चुरचुरतात. ‘आज पित्त झालं,’ असं आपण म्हणतो. आयुर्वेदाच्या हिशेबानं मात्र ते पावसाळ्यापासून साठत आलेलं असतं.

वात, पित्त, कफ यांना दोष म्हणतात. वात हालचाल सांभाळतो, पित्त पचन आणि उष्णता, कफ स्निग्धता आणि स्थैर्य. पित्ताचा वर्षा ऋतूत संचय होतो, म्हणजे ते साठतं. शरदाच्या उन्हात त्याचा प्रकोप होतो, म्हणजे ते उसळतं. हेमंतात ते शमतं.

आधी प्रकृती आणि विकृती वेगळ्या ओळखाव्यात. प्रकृती जन्मापासूनची घडण, ती बदलायची नसते. सध्या बिघडलंय ती विकृती, आणि तोल सावरायचा तो तिचा. इथेच गल्लत होते. ‘माझी कफप्रकृती’ म्हणून ऐन ऑक्टोबरात सुंठ-मिरीचे काढे घेत राहिलं, तर जळजळ वाढणारच.

मग पित्त वाढवणारं थांबवावं. वाग्भटांच्या ‘अष्टांगहृदया’त शरदात दही, तेल, ऊन आणि दिवसाची झोप टाळायला सांगितलंय. दह्याचं पटकन पटत नाही, कारण ते जिभेला गार लागतं. पण आयुर्वेद ते उष्ण मानतो. दिवाळीचं तळणही नेमकं याच दिवसांत येतं, तेव्हा चकल्या दोनच घ्याव्यात आणि ताटावर वेळेवर बसावं.

आता ताटात काय हवं? कडू, गोड आणि तुरट रस. मुगाचं वरण, भात, पडवळाची भाजी, चमचाभर साजूक तूप. आवळा आंबट असूनही चालतो, कारण तो शीत मानला जातो. उपास असेल तर राजगिऱ्याच्या लाह्या दुधात भिजवून खाव्यात. कोजागरीचं दूध तर या ऋतूचंच.

एवढ्यानं भागलं नाही तर विरेचन, म्हणजे औषधानं पोट साफ करून पित्त बाहेर काढणं. त्याआधी स्नेहन, म्हणजे औषधी तूप पोटात देणं, असतं. मात्रा माणसागणिक बदलते, म्हणून हे वैद्यांच्या देखरेखीखालीच करावं. रोज रात्री मनानं रेचक चूर्ण घेणं हे विरेचन नव्हे. छातीत दुखून घाम फुटला, शौचाला काळी झाली किंवा उलटीत रक्त दिसलं, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता लगेच रुग्णालय गाठावं.

पथ्य एकदम सोडू नये. सरत्या ऋतूचे शेवटचे 7 दिवस आणि येत्या ऋतूचे पहिले 7 दिवस म्हणजे ऋतुसंधी. त्या 14 दिवसांत जुनं थोडं थोडं कमी करत नवं सुरू करावं.