रघु दीक्षित : एक अल्बम, दोन भाषा

जन्म नाशिकचा (१९७४), बालपण म्हैसूरचं, कर्मभूमी बेंगळुरू. मायक्रोबायोलॉजीतली पदव्युत्तर पदवी आणि भरतनाट्यमची रीतसर तालीम घेतलेला हा तरुण गिटारकडे वळला, तो सोबतच्या विद्यार्थ्याने नाचावरून टोमणा मारला म्हणून. पुढे नोकरी सोडून त्याने पूर्णवेळ गाणं पत्करलं. आधी ‘अंतराग्नी’ हा बँड, मग ‘द रघु दीक्षित प्रोजेक्ट’.

कॅसेट कंपन्यांनी वर्षानुवर्षं नकार दिला. अखेर संगीतकार विशाल-शेखर यांनी त्याला ऐकलं आणि २००८मध्ये आपल्या नव्या लेबलचा पहिला अल्बम म्हणून त्याचा अल्बम काढला. गाणी मुख्यतः हिंदी आणि कन्नड, सोबत एक इंग्रजी. ‘मैसूर से आयी’सारखं खेळकर हिंदी गाणं आणि संत शिशुनाळ शरीफांची (१८१९–१८८९) कन्नड तत्त्वपदं एकाच तबकडीवर! शरीफांचं शिशुनाळ आजच्या हावेरी जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या धारवाडात. हा मुलूख १९५६पर्यंत मुंबई राज्यात होता. जन्माने मुसलमान असलेल्या शरीफांचे गुरू गोविंदभट्ट ब्राह्मण. या पदांना गिटार, व्हायोलिन आणि ड्रम्सची जोड देताना रघुने त्यातलं गावरान कन्नड तसंच ठेवलं, हे या अल्बमचं सर्वांत मोठं यश. मंचावर रंगीत लुंगी आणि पायात घुंगरू. नाच सुटला नाही तो नाहीच.

२०१०मध्ये बीबीसीवरच्या जूल्स हॉलंड यांच्या कार्यक्रमात तो गायला. २०११मध्ये ‘साँगलाइन्स’ मासिकाचा नवोदित कलाकाराचा पुरस्कार मिळाला. ‘जग चंगा’ हा दुसरा अल्बम २०१३मध्ये आला.