सांडवा मोकळा आहे ना?

आज कोयना किंवा जायकवाडीबद्दल बोलायचं नाही. तिथे अभियंते असतात, रोजच्या नोंदी असतात. आज बोलायचं आहे ते एखाद्या शेतकऱ्याने किंवा मळेवाल्याने स्वतःच्या जमिनीत, सिंचनासाठी घातलेल्या मातीच्या लहान बांधाबद्दल.

केनियातल्या नाकुरू भागात सोलाई नावाचं गाव आहे. गावाच्या वरच्या बाजूला एका खासगी मळ्याचा मातीचा बांध होता. कित्येक आठवडे जोराचा पाऊस चालू होता. ९ मे २०१८ च्या रात्री तो बांध फुटला आणि पाणी-चिखलाचा लोंढा खालच्या वस्तीवर आला. किमान ४७ माणसं गेली. त्यांत लहान मुलंही होती.

आपण म्हणतो, 'एवढंसं तर तळं!' जरा हिशेब करून बघा. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. शंभर मीटर लांब, पन्नास मीटर रुंद आणि सरासरी चार मीटर खोल तळ्यात वीस हजार टन पाणी मावतं. दहा टनी ट्रक धरले, तर दोन हजार ट्रक!

मग हा बांध फुटतो कसा? मुख्य वाटा दोन.

पहिली वरून. माती पाणी अडवते, पण अंगावरून वाहणारं पाणी तिला सोसत नाही. पाणी माथ्यावरून गेलं की खालचा उतार धुपतो, चर पडतो आणि काही तासांत भगदाड होतं. म्हणून बाजूला सांडवा ठेवतात. आणि आपण काय करतो? मासे जाऊ नयेत म्हणून त्यावर जाळी लावतो. फूटभर पाणी जास्त साठावं म्हणून वाळूची पोती रचतो. ते फूटभर पाणी फार महागात पडू शकतं.

दुसरी वाट आतून. प्रत्येक मातीच्या बांधातून थोडं पाणी झिरपतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण झिरपणारं पाणी गढूळ झालं, किंवा एकाएकी वाढलं, तर समजायचं की ते आतली माती घेऊन बाहेर पडतंय. आत पोकळी तयार होतेय. नीट न दाबलेला भराव, बांधातून नेलेला पाइप, झाडांची कुजलेली मुळं, प्राण्यांची बिळं, इथून याची सुरुवात होते.

बिळं म्हटल्यावर तुम्हाला खेकडे आठवले असतील. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. ते सरकारी होतं, पण मातीचंच. तेव्हा एका मंत्र्यांनी खेकड्यांवर बोट ठेवलं आणि लोक संतापले. खरं सांगायचं तर बिळांनी मातीचा बांध कमकुवत होऊ शकतो. पण ती बिळं वेळेवर बघणं आणि बुजवणं हे माणसाचं काम. त्याचा जाब खेकड्याला कसा विचारणार?

आता कायदा. आपला धरण सुरक्षितता कायदा २०२१ चा. तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो, आणि १० ते १५ मीटरमधल्या काही अटींत बसणाऱ्या धरणांना. त्याहून लहान बांध त्याच्या बाहेर राहतात. कायदा उंची मोजतो. पण धोका ठरतो तो खाली कोण राहतं यावरून. बांध घातला तेव्हा खाली रान असेल, आज तिथे दहा घरं आणि शाळा असू शकते. बांध तोच, पण जबाबदारी वाढलेली.

म्हणून मालकाने पावसाळ्याआधी सांडवा साफ करावा. माथा कुठे खचलाय का, भेगा पडल्यात का, हे पाहावं. मोठ्या पावसानंतर खालच्या पायथ्याशी एक फेरी मारावी. गढूळ पाझर दिसला, तर बांध फोडून पाणी काढायला जाऊ नये. आधी खालच्या वस्तीला उठवावं, मग जाणकाराला बोलवावं. त्यासाठी खालच्या घरांचे फोन नंबर आधीच हाताशी हवेत. आज घरी गेल्यावर तेवढे तरी लिहून ठेवा.