कर्जातला मुका 'बी'

'अमुक रुपये डेबिट झाले' हा मेसेज तुम्हालाही येतोच ना? माझा एज्युकेशन लोनचा हप्ता अजून चालू आहे, त्यामुळे हा शब्द मला पाठ झालाय. 'डेबिट'मधला बी आपण नीट म्हणतो. पण त्याचा सख्खा भाऊ 'डेट', म्हणजे कर्ज (डेटिंगवाली डेट नव्हे, ती वेगळी!), त्याचं स्पेलिंग डी-ई-बी-टी. मग तिथला बी मुका का?

मूळ लॅटिन क्रियापद आहे 'देबेरे', म्हणजे देणं लागणं. त्याची फोड केली तर 'दे' म्हणजे 'कडून' आणि 'हाबेरे' म्हणजे 'जवळ असणं'. दुसऱ्याकडचं काहीतरी आपल्याजवळ असणं! लोनच्या चाळीस पानी कागदांत इतकी सोपी व्याख्या मला तरी दिसली नाही.

यावरून लॅटिनमध्ये 'देबितुम' झालं. बोलता बोलता लोकांनी ते झिजवलं, बी गळला आणि फ्रेंचमध्ये उरलं 'देत'. 1066 नंतर इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांचं राज्य आलं आणि असे ढीगभर शब्द इंग्रजीत शिरले. 1300च्या आसपास हा शब्द इंग्रजीत लिहायचे तेव्हा त्यात बी नव्हताच. कुणाचं काही अडतही नव्हतं.

पुढे 15व्या-16व्या शतकात विद्वानांना लॅटिनचं वेड लागलं. शब्दाचं खानदान दिसावं म्हणून त्यांनी बी परत घुसवला. 'डाउट'मधला बीसुद्धा असाच, लॅटिन 'दुबितारे'वरून. चालू कोडमध्ये उगाच हात घालणारे सीनियर तेव्हाही होते म्हणायचे! स्पेलिंग अपडेट झालं, लोकांची जीभ काही झाली नाही. शेक्सपिअरच्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट' नाटकात होलोफर्निस नावाचा मास्तर आहे. लोक हा बी उच्चारत नाहीत म्हणून तो चिडतो, आणि प्रेक्षकांनी हसायचं ते त्या मास्तरलाच. फ्रेंचांनीही मध्ये काही काळ हा बी लिहून पाहिला, मग काढून टाकला. इंग्रजीत मात्र तो राहिला.

'ड्यू डेट'मधला 'ड्यू' आणि 'ड्यूटी' हेही 'देबेरे'चेच वंशज. म्हणजे कर्ज आणि कर्तव्य एकाच घरातले. आपल्याकडे बघा, 'तुझे दोनशे रुपये देणं लागतो' आणि 'समाजाचं देणं लागतो', शब्द तोच! फक्त मराठी 'देणं' आणि लॅटिन 'देबेरे' यांचं नातं जोडू नका हं, तो 'दे' निव्वळ योगायोग आहे. असे मेसेज ग्रुपवर फिरायला वेळ लागत नाही.