डाग कोणता आणि गोंदण कोणते?

"पप्पा, शाळेत आम्हाला फोटो काढायला शिकवणार आहेत," असे आमच्या थोरलीने सांगितले तेव्हा मी कपाळाला हात लावला. नववीचे वर्ष, पुढे दहावी, गणितात आधीच बोंब आणि त्यात हे कॅमेऱ्याचे खूळ! मी सरळ नाही म्हणून टाकले. तिची आई म्हणाली, "अहो, काय शिकवतात ते आधी बघून तरी या." म्हणून एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी त्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो.

वर्ग चित्रकलेचे सर घेतात. संगणक सहा, मुले चौतीस. शाळेचा एक जुना डिजिटल कॅमेरा आणि बाकी घरून आणलेले मोबाईल. फोटोशॉप हे 1990 साली आलेले सॉफ्टवेअर नावाजलेले खरे, पण त्याचे भाडे भरत राहावे लागते. सर गिम्प शिकवतात. 1995 साली अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी ते लिहायला घेतले आणि आजही ते कुणालाही फुकट मिळते. संगणक असेल त्या घरी मुलांना ते वापरता येईल, हे पालकांनी लक्षात ठेवावे.

मी बी.कॉम. झालेला कारकून. मला फोटोतले काय कळणार, असे वाटले होते. पण पहिल्या दहा मिनिटांतच सरांनी फळ्यावर आकडे मांडले आणि मी सावरून बसलो. डिजिटल फोटो म्हणजे आकड्यांची वही आहे हो! फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. प्रत्येक ठिपक्यापुढे तीन आकडे: लाल, हिरवा आणि निळा. प्रत्येक आकडा 0 ते 255. तिन्ही शून्य म्हणजे काळा, तिन्ही 255 म्हणजे पांढरा. असे एकूण 1 कोटी 67 लाख 77 हजार 216 रंग होतात. 1975 साली कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, त्यात फक्त दहा हजार ठिपके होते आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागत. आज साध्या मोबाईलच्या फोटोत कोटीभर ठिपके असतात.

त्यानंतर सरांनी जे सांगितले ते आपल्या घराघरांत उपयोगी पडणारे आहे. आपल्या कार्यक्रमांत सगळे पांढऱ्या कपड्यांत, मागे चुन्याची पांढरी भिंत. फोटोत भिंत ठीक येते आणि माणसांचे चेहरे कोळशासारखे. दोष आपल्या रंगाचा नाही. समोरचे सगळे दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून कॅमेरा प्रकाश मोजतो. पांढरे जास्त दिसले की त्याला वाटते उजेड फार झाला, आणि तो उजेड कमी करतो. उपाय सोपा आहे. मोबाईलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवायचे आणि तिथे सूर्याचे चिन्ह दिसले की ते वर सरकवायचे. माणसाचे तोंड दाराकडे किंवा खिडकीकडे करायचे. एवढ्यानेच सावळा चेहरा आपल्या खऱ्या रंगात उजळतो.

फिल्मच्या काळातली गोष्ट तर अशी की रंग बरोबर उतरले का हे तपासायला कोडॅक कंपनी लॅबना एका गोऱ्या बाईच्या फोटोचे कार्ड पाठवत असे. त्या कार्डाला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कातडी नीट दिसली की काम झाले. काळ्यासावळ्या माणसांचे काय होते याचा विचार कितीतरी वर्षे झालाच नाही. हे ऐकून मला माझ्या लग्नाचा 2005 सालचा अल्बम आठवला. स्टुडिओवाल्याने आम्हा दोघांना इतके गोरे केले आहे की आजही पाहुणे विचारतात, नवरा कोणता? वरून त्याचे पैसे वेगळे घेतले!

याउलट सरांनी सुधारक ओलवे यांनी काढलेले मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो दाखवले. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. काळे-पांढरे फोटो, त्यात घाम, चिखल, सुरकुत्या सगळे जसेच्या तसे. वर्ग गप्प होता.

मग घरचा अभ्यास मिळाला. घरातला एक जुना खराब फोटो स्कॅन करून दुरुस्त करायचा. आमच्याकडे माझ्या आजीचा एकच फोटो आहे. अडीच बाय साडेतीन इंचाचा, पत्र्याच्या पेटीत राहून मधोमध घडी पडलेला, बुरशीचे ठिपके आलेला. लेकीने तो 600 डीपीआयवर स्कॅन केला, म्हणजे 1500 बाय 2100 ठिपके झाले. 300 डीपीआयने छापला तर पाच बाय सात इंचाचा चांगला फोटो निघतो, हा हिशेब तिने मला न विचारता केला. गणितात बोंब म्हणणारा मी तोंडात मारल्यासारखा झालो.

दोन शनिवार खपून तिने 'हील' नावाच्या हत्याराने एकेक डाग पुसला, चेहरा उजळला. फोटो खरोखर नव्यासारखा झाला. त्या दिवशी जालना जिल्ह्यातल्या गावाकडून माझ्या आत्या आल्या होत्या. वय पंचाहत्तरच्या पुढे. त्यांनी मोबाईल जवळ धरला, लांब धरला आणि म्हणाल्या, "ही कोन गं बाई? माह्या मायचं गोंदन कुठं गेलं?"

आजीच्या कपाळावर गोंदणाची उभी रेघ होती आणि हनुवटीवर तीन ठिपके. पोरीने बुरशीबरोबर तेही पुसले होते. तिने आजीला कधी पाहिलेच नव्हते, तिला काय कळणार? ती रडवेली झाली. पण सरांनी पहिल्याच दिवशी ताकीद दिली होती: मूळ फाईलला हात लावायचा नाही, प्रत काढून तिच्यावर काम करायचे आणि काय काय बदलले ते वहीत लिहायचे. आमच्या ऑफिसात व्हाऊचरवर खाडाखोड चालत नाही, तसेच हे. म्हणून मूळ फोटो शाबूत होता.

दुसऱ्या दिवशी तिने आत्यांना शेजारी बसवले. फोटो मोठा करून एकेक ठिपक्यावर बोट ठेवून ती विचारायची, "हा डाग का गोंदण?" आत्या सांगायच्या. डाव्या भुवईवरची खूण त्यांनी ठेवायला लावली. भाकरी करताना उडालेल्या विस्तवाची आहे म्हणाल्या. ती मलाही माहीत नव्हती. लुगड्यात रंग भरायची पोरीला फार हौस होती, पण लुगडे कोणत्या रंगाचे ते आत्यांना आठवेना. मग रंग भरला नाही.

वहीत पोरीने लिहिले: घडी पुसली, बुरशी पुसली, उजेड थोडा वाढवला. गोंदण व भाजल्याची खूण ठेवली. सांगणार, आत्याआजी.

पाच बाय सातच्या चार प्रती काढल्या. एक आत्या घेऊन गेल्या. आता आमच्या गल्लीतल्या तीन घरांतून जुने फोटो आले आहेत. पोरीने प्रत्येकाला एकच निरोप दिला आहे, फोटोबरोबर घरातले सगळ्यात म्हातारे माणूस पाठवा.