उलट चालणारे घड्याळ

१९२९ साली फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा ‘फ्राउ इम मोंड’, म्हणजे ‘चंद्रावरील स्त्री’, हा जर्मन मूकपट प्रदर्शित झाला. अग्निबाण उडण्यापूर्वीचे क्षण त्यात उलट क्रमाने मोजलेले आहेत. चित्रपट मुका असल्यामुळे ते आकडे कोणी उच्चारीत नाही. ते पडद्यावर उमटतात. एक, दोन, तीन असे मोजीत गेले तर कोठे थांबावयाचे हे प्रेक्षकाला कसे कळावे? उलट मोजू लागताच शून्य हा शेवट आपोआप ठरतो. ही उलटगणती पुढे अग्निबाणांच्या प्रत्यक्ष उड्डाणातही रूढ झाली. आता ती संगणकावरील परीक्षेत विद्यार्थ्याच्या समोर, पडद्याच्या एका कोपऱ्यात चालू असते. तेथे ती बिनचूक चालणे हा न्यायाचा प्रश्न असतो.

परीक्षेचे प्रश्न, उत्तरे आणि विद्यार्थ्यांची नावे संगणकात ज्या कोठीत ठेवलेली असतात तिला डेटाबेस म्हणतात. कोठीतील माहिती तक्त्यांच्या रूपाने रचलेली असते, आणि ती पाहण्यासाठी व भरण्यासाठी पडद्यावर जी चौकट उघडते ती फॉर्म होय. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९९२ मध्ये बाजारात आणलेल्या ‘ॲक्सेस’ या प्रणालीत अशा प्रत्येक फॉर्मला ‘टायमर इंटरव्हल’ नावाचा एक गुणधर्म दिलेला असतो. त्यात सेकंदाच्या हजाराव्या भागांत आकडा लिहावयाचा. १००० लिहिले की दर सेकंदाला फॉर्मला एक हाक मिळते, आणि त्या हाकेसरशी काय करावयाचे ते आज्ञावली लिहिणाऱ्याने ठरवावयाचे. शून्य लिहिले की हाका बंद होतात.

नवशिक्याला पहिली युक्ती सुचते ती अशी : तीस मिनिटांचे १,८०० सेकंद एका जागी मांडावे, आणि प्रत्येक हाकेला त्यांतून एक वजा करावा. युक्ती सोपी आहे, आणि पाचदहा मिनिटे तिच्यात काही वावगे दिसतही नाही. पण ती चुकीची आहे.

ही हाक वेळेवर येईलच अशी हमी विंडोज देत नाही. इतर कामे आधी उरकली जातात. टायमरचा निरोप रांगेत सर्वांच्या मागे उभा राहतो. त्यातही अनेक हाका तुंबल्या तर त्या एकामागून एक पोहोचविल्या जात नाहीत. त्यांची एकच हाक होते. फॉर्म आठ सेकंद एखाद्या मोठ्या शोधात गुंतला तर ते बहुतेक सगळे सेकंद मोजणीतून गळतात. तेवढे न झाले तरी, प्रत्येक हाक सेकंदाच्या केवळ पन्नासाव्या भागाने उशिरा आली असे धरले, तर १,८०० हाकांत छत्तीस सेकंदांची तफावत पडते. म्हणजे शेजारी बसलेल्या दोन विद्यार्थ्यांपैकी ज्याचा संगणक मंद त्याला वेळ अधिक मिळणार, आणि ही गोष्ट दोघांपैकी कोणाच्याही लक्षात येणार नाही.

आपल्याकडील जुने घटिकापात्र याच जातीचे साधन होते. तळाशी बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यात ठेवीत. ती चोवीस मिनिटांनी बुडे, आणि राखणदार तिला पुन्हा रिकामी करून तरंगत ठेवी. त्याला डुलकी लागली की एक घटका हिशेबातून गेलीच. याउलट जयपूरच्या जंतरमंतरातील सम्राट यंत्र पाहावे. ते काही मोजीत नाही. सूर्य दिसत असला की केव्हाही जावे आणि सावली कोठे आहे ते पाहावे. मधल्या वेळात कोणी झोपले होते की जागे होते याच्याशी तिला कर्तव्य नसते.

फॉर्मवरील घड्याळ सावलीसारखे असावे. परीक्षा सुरू होताच संपण्याचा क्षण काढून ठेवावा, आणि प्रत्येक हाकेला त्यातून आताची वेळ वजा करावी. आरंभ १० वाजून १५ मिनिटांनी झाला, तर शेवट १०.४५ ला. घड्याळात १० वाजून ३२ मिनिटे २६ सेकंद झाले असता ७५४ सेकंद उरतात. त्यांना ६० ने भागले की भागाकार १२ मिनिटे आणि बाकी ३४ सेकंद. हाक चुकली तर पडद्यावरचा आकडा क्षणभर गोठेल, पण पुढच्या हाकेला तो खऱ्या जागी उडी मारील. मात्र या उडीमुळेच ‘बाकी शून्य झाली काय’ असे विचारणे धोक्याचे ठरते. नेमका शून्याचाच सेकंद हुकला तर आकडे उणे होत राहतील आणि परीक्षा संपणारच नाही. ‘शून्य किंवा त्याहून कमी’ असे विचारावे.

ही वजाबाकी सुलभ व्हावी अशीच ॲक्सेसमधील कालगणना आहे. ३० डिसेंबर १८९९ हा तिचा शून्य दिवस. त्यापुढील दिवस पूर्णांकाने आणि दिवसातील वेळ अपूर्णांकाने लिहिली जाते. दुपारचे बारा म्हणजे अर्धा, संध्याकाळचे सहा म्हणजे पाऊण. दिवसाचे सेकंद ८६,४०० असल्यामुळे फरकाला तेवढ्याने गुणले की सेकंद मिळतात. ‘टायमर’ याच नावाचे एक वेगळे फलनही तेथे आहे. ते मध्यरात्रीपासूनचे सेकंद सांगते, आणि बारा वाजले की पुन्हा शून्यापासून सुरुवात करते. रात्रपाळीच्या कामात त्यावर विसंबू नये.

संपण्याचा क्षण कोठे ठेवावा? केवळ फॉर्मच्या स्मरणात ठेवला तर वीज जाताच तो पुसला जाईल. तो तक्त्यातच, त्या विद्यार्थ्याच्या नावापुढे, नोंदलेला असावा. संगणक पुन्हा सुरू झाला की उरलेला वेळ त्यावरून काढता येतो. अंधारात गेलेली सात मिनिटे भरून द्यावयाची की नाहीत हे मात्र यंत्राने ठरवावयाचे नाही. त्यासाठी ‘वाढीव मिनिटे’ असा आणखी एक रकाना ठेवावा आणि तो भरण्याचा अधिकार पर्यवेक्षकाकडे असावा.

एक अडचण उरते. ‘आताची वेळ’ कोणाची? ॲक्सेसची फाईल सर्वांना सामाईक असली तरी वेळ विचारली जाते ती ज्याच्या त्याच्या संगणकाला, आणि चाळीस संगणकांची घड्याळे सहसा एकमेकांशी जुळत नाहीत. एखादा चतुर विद्यार्थी आपले घड्याळ दहा मिनिटे मागेही सारील. माहिती एसक्यूएल सर्व्हरसारख्या मध्यवर्ती यंत्रावर असेल तर वेळही त्यालाच विचारावी. दर सेकंदाला विचारण्याचे कारण नाही. फॉर्म उघडताना दोन घड्याळांतील अंतर काढावे, प्रत्येक हाकेला ते हिशेबात धरावे, आणि मिनिटागणिक एकदा पुन्हा ताडून पाहावे. घड्याळ मागे सारले गेले असेल तर ते अंतर तेवढ्यानेच वाढलेले आढळेल, आणि कोपऱ्यातील आकडा फार तर एका मिनिटात आपल्या जागी परत येईल.