घंटा, भोजन आणि देणगी

महाराष्ट्रातील कोणत्याही मध्यम आकाराच्या गावात एस.टी. शिरू लागली की जकात नाक्याच्या जुन्या जागेजवळ किंवा पहिल्या पेट्रोल पंपापाशी दातेरी चाकाचे चिन्ह असलेला एक फलक दिसतो. गावाच्या नावाखाली रोटरी क्लबचे नाव, सभेचा वार, वेळ आणि स्थळ इतकाच मजकूर त्यावर असतो. कचेरीत जाणारा लिपिक किंवा शाळेतला शिक्षक हा फलक वर्षानुवर्षे वाचतो; पण त्या वारी, त्या वेळी, त्या जागी जाऊन पाहावे असे त्याच्या मनात सहसा येत नाही. ती सभा आपल्यासाठी नाही, हे त्याने न सांगताच गृहीत धरलेले असते. त्याचा आणि क्लबचा संबंध येतो तो वेगळ्याच दाराने. कधी नेत्रतपासणी शिबिराच्या रांगेत, कधी शाळेला मिळालेल्या बाकांवर रंगवलेल्या नावातून, आणि बहुतेक वेळा मदतनिधीसाठी होणाऱ्या नाटकाचे तिकीट गळ्यात पडते तेव्हा.

आत काय चालते, हे तसे गुपित नाही. ठरल्या वेळी अध्यक्ष घंटा वाजवतात. राष्ट्रगीत होते. पाहुण्यांची ओळख, सदस्यांचे आणि त्यांच्या पत्नींचे वाढदिवस, चिटणीसांच्या सूचना, वीसपंचवीस मिनिटांचे व्याख्यान, दोनतीन प्रश्न, आभार आणि पुन्हा घंटा. आधी किंवा नंतर जेवण अथवा अल्पोपाहार. सार्जंट-ॲट-आर्म्स असे भारदस्त नाव धारण करणारा एक पदाधिकारी शिस्त सांभाळतो. अनेक क्लबांत तो उशिरा येणाऱ्याला किंवा बिल्ला विसरणाऱ्याला लहानसा दंड करतो आणि त्या दंडाची रक्कम सेवानिधीत जमा होते. बाहेरून पाहणाऱ्याला या साऱ्यात मोठ्या माणसांचा पोरखेळ दिसतो. सिंक्लेअर लुईस या अमेरिकन कादंबरीकाराने १९२२ साली ‘बॅबिट’मध्ये अशाच एका भोजनप्रिय, टाळीबहाद्दर मंडळाची जी टर उडवली, तिचा ठसा या क्लबांवरून अद्याप पुसलेला नाही. ती टर अन्यायाची होती असेही म्हणता येत नाही.

रोटरीचा जन्मच मुळी सेवेसाठी झालेला नव्हता. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोतील एका कचेरीत पॉल हॅरिस हा वकील, एक खाण अभियंता, एक कोळशाचा व्यापारी आणि एक शिंपी असे चौघे जमले, ते खेड्यातून महानगरात आलेल्या माणसाला जो एकाकीपणा छळतो त्यावर उतारा म्हणून. आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भेटायचे, म्हणून ‘रोटरी’ हे नाव. एका व्यवसायातला एकच सदस्य घ्यायचा आणि एकमेकांना गिऱ्हाइके मिळवून द्यायची, हा व्यवहार त्यात उघडपणे होता. कोणी कोणाला किती धंदा दिला याची नोंद ठेवणारा एक पदाधिकारीही या क्लबात होता. १९०६ साली डोनाल्ड कार्टर या पेटंट-वकिलाला सदस्यत्वाचे निमंत्रण गेले, तेव्हा त्याने घटना वाचून विचारले की, या मंडळाचा गावाला उपयोग काय? या प्रश्नाने क्लबाची दिशा बदलली. पुढे क्लबाने हाती घेतलेले पहिले सार्वजनिक काम होते शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृहे बांधून घेण्याचे. आमच्याकडे या सोयी आहेतच, असे म्हणत दारूच्या गुत्तेवाल्यांनी आणि मोठ्या दुकानदारांनी त्याला विरोध केला. व्यापाऱ्यांच्या मंडळाने व्यापाऱ्यांचा रोष पत्करून मुताऱ्या बांधवल्या, ही गोष्ट संगमरवरी पाट्यांच्या हौशी अध्यक्षांना अधूनमधून सांगायला हरकत नाही.

भारतात रोटरी आली १९१९ साली, कलकत्त्यात. मुंबईचा क्लब १९२९ चा. पुढे १९६२-६३ मध्ये कलकत्त्याचेच नितीश लाहरी आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाले, तोपर्यंत साहेबांच्या या मंडळाचे देशीकरण पूर्ण होत आले होते. देशीकरण झाले तरी एक गोष्ट मात्र शिकागोतली तशीच टिकली. ती म्हणजे उपस्थितीचा नियम. सदस्याने दर आठवड्याला सभेला आलेच पाहिजे. परगावी असेल तर चौदा दिवसांच्या आगेमागे तिथल्या क्लबाच्या सभेला बसून त्याने ती भरून काढावी. लागोपाठ चार सभा सबळ कारणाविना चुकवल्यास सदस्यत्व जावे. अध्यक्ष एका वर्षाचा, १ जुलैला बदलणारा. गावातला बडा डॉक्टर असो की साखर कारखान्याला यंत्रे पुरवणारा असो, घंटा त्याच्यासाठी थांबत नसे. वेळेवर येणे, दुसऱ्याचे बोलणे ऐकून घेणे आणि मुदत संपताच खुर्ची सोडणे या तीन गोष्टी आपल्या सार्वजनिक जीवनात किती दुर्मिळ आहेत, हे कोणत्याही शिक्षणसंस्थेची किंवा पतपेढीची वार्षिक सभा पाहिलेल्या माणसाला सांगायला नको.

निधी उभारण्याच्या कामाचा विचार या सभेपासून तोडून करता येत नाही. महाराष्ट्राला निधी उभारणे हे काही चाकाच्या चिन्हाने शिकवलेले नाही. अंताजी दामोदर काळे यांनी दरमाणशी एक पैसा मागितला आणि त्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. भाऊराव पाटलांनी घराघरांतून मूठमूठ धान्य मागितले आणि त्या मुष्टिफंडावर बहुजनांची मुले वसतिगृहात जेवली. या दोन्ही ठिकाणी देणाऱ्याला ठाऊक होते की आपण काय देतो आणि ते कोठे जाते. देणे लहान होते, म्हणून देणारे पुष्कळ होते. आणि देणारे पुष्कळ होते, म्हणून हिशेब मागणारेही पुष्कळ होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७० मध्ये आणखी एक पाऊल पुढे टाकले होते. तिच्या सभासदाला किमान पन्नास जणांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. रोटरीचा किंवा लायन्सचा सदस्य असे कोणाचेच मुखत्यारपत्र आणत नाही. तो प्रतिनिधित्व करतो ते फार तर आपल्या व्यवसायाचे. मग गावाच्या नावाने पैसा गोळा करताना तो उत्तरदायी कोणाला?

हा प्रश्न सर्वांत बोचतो तो स्मरणिका आणि ‘चॅरिटी शो’ या दोन प्रकारांत. स्मरणिका म्हणजे शंभर पानांची पुस्तिका, जिच्यात दहा पाने मजकुराची आणि नव्वद जाहिरातींची. त्यांतली निम्मी पाने ‘एका हितचिंतकाकडून शुभेच्छा’ एवढ्याच ओळीची असतात. हितचिंतक नाव का लपवतो, हे न कळण्याइतके वाचक भोळे नाहीत. कंत्राटदार जाहिरात देतो ती मागायला आलेल्या अभियंत्याकडे पाहून, औषधविक्रेता देतो ती डॉक्टरकडे पाहून. जाहिरात म्हणून दिलेली रक्कम धंद्याच्या खर्चात दाखवता येते, ही सोय वेगळीच. यात बेकायदेशीर काही नसेल; पण जे दान भिडेपोटी दिले जाते, त्याची भीड पुढे कोणत्या तरी टेबलावर वसूल होते. नाटकाच्या प्रयोगाचे गणितही असेच. नाट्यगृहाचे भाडे, संस्थेचे मानधन, प्रवास, फलक, पाहुण्यांचे हार आणि प्रयोगानंतरचे जेवण वजा जाता जे उरते, ते अंध विद्यार्थ्यांच्या पदरात पडते. किती उरले हे तिकीट घेणाऱ्याला क्वचितच कळते. त्यातून तिकीटपुस्तके जेव्हा शाळांकडे पाठवली जातात आणि ‘प्रत्येक वर्गाने अमुक तिकिटे’ असा तोंडी हुकूम निघतो, तेव्हा उरलेली तिकिटे अखेरीस मास्तरांच्या पगारातून जातात. दानशूर म्हणून नाव मात्र छापले जाते दुसऱ्याचेच.

एवढे म्हटल्यावर दुसरी बाजू मांडणे भाग आहे, कारण ती फार मोठी आहे. रोटरीच्या जागतिक निधीत पहिली देणगी आली १९१८ मध्ये, साडेसव्वीस डॉलरची. कॅन्सस सिटीच्या क्लबाने अधिवेशनाच्या खर्चातून उरलेली रक्कम पाठवली होती. त्याच निधीच्या बळावर १९८५ मध्ये पोलिओविरुद्धची मोहीम जाहीर झाली. बारा कोटी डॉलरचे लक्ष्य होते. १९८८ पर्यंत त्याच्या दुपटीहून अधिक रक्कम जमली. परंतु पैशाने लस विकत मिळते; ती बाळाच्या तोंडात पडायची तर ठरल्या रविवारी, ठरल्या बूथवर, ठरल्या वेळी माणूस हजर लागतो. १९९५ पासून देशभर पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले, तेव्हा आरोग्यसेविका, अंगणवाडीताई आणि प्राथमिक शिक्षक यांच्या जोडीला, तुलनेने थोड्या संख्येने का होईना, हे सदस्यही बसले. ठरल्या दिवशी ठरल्या जागी जाण्याची सवय त्यांना आठवड्याच्या घंटेने लावली होती. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात देशातला पोलिओचा अखेरचा रुग्ण नोंदला गेला आणि मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह दक्षिण-पूर्व आशिया पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर केले. या यशात मोठा वाटा सरकारी यंत्रणेचा आणि अल्प मानधनावर दारोदार फिरलेल्या स्त्रियांचा आहे. क्लबांच्या वार्षिक समारंभांत या स्त्रियांना व्यासपीठावर खुर्ची मिळाल्याचे फारसे दिसले नाही, हेही नमूद केले पाहिजे. तरीही क्लबांचा वाटा नाकारणे हा कृतघ्नपणा होईल.

चिंता वाटते ती पुढच्या काळाची. २०१६ साली शिकागोच्या कायदेपरिषदेने साप्ताहिक सभेचे बंधन सैल केले. महिन्यातून दोन सभा झाल्या तरी चालेल आणि उपस्थितीचे नियम क्लबाने आपले आपण ठरवावेत असे ठरले. नोकरीधंद्याची धावपळ पाहता ही सवलत समजण्यासारखी आहे. जवळपास त्याच सुमारास आपल्याकडे निधीचे स्वरूपही बदलले. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले. नाटकाची तिकिटे खपवण्यासाठी दारोदार फिरण्याऐवजी एका कंपनीकडे एक प्रस्ताव पाठवून डायलिसिसची यंत्रे मिळवणे सोपे झाले. यंत्रे येतात, रुग्णांची सोय होते, त्याबद्दल तक्रार करणारा करंटाच म्हणावा लागेल. पण तिकीट विकणाऱ्याला निदान दहा दारांवर नकार ऐकावा लागे, आणि कोणी तरी खडसावून विचारी की, मागच्या प्रयोगाच्या पैशांचे काय झाले? तो प्रश्न आता ऐकू येत नाही. सभा विरळ झाल्या आणि दाते एकदोनच उरले, तर क्लब हा कंपनी आणि इस्पितळ यांच्यामधला एक टपालहशील तेवढा राहील.

उपाय कोणी बाहेरून लादावा असा नाही. सार्वजनिक न्यासाचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातातच. पण तिथे जाऊन ते पाहणारा नागरिक विरळा. त्याऐवजी जी सभा दर आठवड्याला भरते, तिच्यातच महिन्यातून एक दिवस गावाला बोलवावे. स्त्रियांना दार उघडायला रोटरीला १९८९ उजाडावे लागले, तेही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील दुआर्ते क्लबाच्या प्रकरणात कान उपटल्यानंतर. शिक्षकाला आणि लिपिकाला मात्र कोणत्याही नियमाने मज्जाव नाही. त्यांना अडवते ती वर्गणी आणि हॉटेलातल्या जेवणाचे बिल. चहा आणि चिवड्यावर सभा भरवली तर घंटेचा आवाज काही कमी होत नाही. काही क्लब आजही शाळेच्या वर्गात किंवा वाचनालयाच्या सभागृहात भरतात आणि त्यांची कामे हॉटेलात भरणाऱ्या क्लबांहून उणी नसतात. प्रयोग झाल्यावर पंधरवड्याच्या आत जमा किती, खर्च किती आणि शिल्लक कोणाला दिली, या तीन ओळी त्याच वेशीवरच्या फलकाखाली लावता येतील. तिथे वार आणि वेळ लिहिल्यावरही बरीच जागा मोकळी राहते.