वाड्यातून वावरात

2018 च्या पावसाळ्यानंतर यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव आणि पांढरकवड्याच्या शिवारात जे चाललं होतं, ते कुणी पटकथा म्हणून लिहून आणलं असतं तर निर्मात्याने ‘अति होतंय’ म्हणून परत पाठवलं असतं. वनखात्याच्या कागदोपत्री टी-1 आणि वन्यजीवप्रेमींसाठी अवनी असलेली एक वाघीण. 2016 पासून 13 माणसांच्या मृत्यूशी तिचं नाव जोडलेलं. तिला शोधायला ट्रॅप कॅमेरे, ड्रोन, शिकारी कुत्रे, पॅराग्लायडर. एका परदेशी अत्तराचा वास सोडून तिला भुलवायचा बेत. मोहिमेसाठी आणलेल्या हत्तींपैकी एक साखळदंड तोडून पळाला आणि त्याने एका बाईचा जीव घेतला. गोळी घालण्याच्या आदेशात सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही आणि 2 नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ ती मारली गेली.

तीन वर्षांनी, जून 2021 मध्ये, अमित मासूरकर यांचा ‘शेरनी’ आला. चित्रपटातलं गाव काल्पनिक, चित्रीकरण मध्य प्रदेशात बालाघाटच्या बाजूला, वाघिणीचा क्रमांक टी-12. तरीही यवतमाळच्या माणसाला पहिल्या काही मिनिटांतच कळतं की हे कुठलं आहे. अशा चित्रपटात भीती जिथे राहते ती जागा वाड्यातून उठून वावरात कशी आली, हे मागे जाऊन पाहायला हवं.

मराठी रहस्यपट बराच काळ घरातच राहिला. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ 1964 चा. निवर्तलेली पत्नी, तिच्यासारखीच दिसणारी एक आरोपी, आणि खटल्यात उभा असलेला वकील नवरा. ही कथा इतकी पक्की होती की दोन वर्षांत राज खोसलांनी तिचा ‘मेरा साया’ केला. तिच्यातली सगळी गंमत मांडणीची आहे. चेहरा एकच; तो घरातल्या आठवणीत दिसला की आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो आणि आरोपीच्या पिंजऱ्यात दिसला की संशय घेतो. नटीने वेगळं काही करायच्या आधीच कठड्याच्या लाकडाने आणि अंगावरच्या कपड्यांनी निम्मं काम केलेलं असतं.

वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ आला 1976 साली. नरसूचं भूत ज्यांनी लहानपणी पाहिलं त्यांच्या अंगावर आजही काटा येतो, आणि त्यात भुतापेक्षा अंधाराचा वाटा मोठा आहे. काळ्या-पांढऱ्या चित्रपटाला अंधार फुकट मिळतो, रंगीत चित्रपटाला तो कमवावा लागतो. नायिका आत सुरक्षित आणि धोका बाहेर झाडाखाली, मध्ये एक चौकट, अशी ती रचना. (रहस्यपट आहे, म्हणून शेवट सांगत नाही. अजून न पाहिलेली मंडळी असतीलच.)

‘सामना’ला कुणी थरारपट म्हणणार नाही. पण मारुती कांबळे या गायब माणसाच्या प्रश्नावर अख्खा चित्रपट ताणून धरणं हे थरारपटाचंच तंत्र आहे, आणि सत्ता कुठे बसते हे जब्बार पटेलांनी हिंदुराव पाटलाच्या बैठकीवरूनच दाखवलं. पुढे 1981 मध्ये अमोल पालेकरांनी मानवतच्या खून-प्रकरणावर ‘आक्रीत’ केला, पटकथा विजय तेंडुलकरांची. तिथे रहस्य खऱ्या अर्थाने गावशिवारात उतरलं. त्यानंतर मात्र ते शहराकडे वळलं आणि बराच काळ तिथेच रमलं.

शिवारात ते ठळकपणे परतलं 2017 च्या ‘लपाछपी’त. विशाल फुरिया यांनी गर्भवती नायिकेला उसाच्या फडाने वेढलेल्या एकाकी घरात नेऊन ठेवलं. चित्रपट भयपटाच्या खात्यात जमा होतो, पण माझ्या मते त्याचं खरं भूत म्हणजे ऊस. डोक्यापेक्षा उंच, चारी बाजूंनी सारखा, आणि भर दुपारीही दोन सरींपलीकडचं दिसू न देणारा. मराठी माणसाला उसाचं भय वाटत नाही, ते पैशाचं पीक. म्हणून तर युक्ती लागू पडते. हिंदी ‘छोरी’ही त्यांनीच केला, आणि पुन्हा तशाच शेतातल्या घरात.

मोकळं रानही भिववतं हे हिचकॉकने 1959 मध्ये ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये दाखवलंच होतं. सपाट माळ, रस्त्याच्या कडेला कोट-टाय घातलेला कॅरी ग्रँट, आणि फवारणीचं विमान. आडोसा म्हणून काय तर एक मक्याचं शेत, आणि तिथेही विमान वरून औषध सोडून त्याला बाहेर काढतं. कथेत हे इंडियाना राज्य, चित्रीकरण कॅलिफोर्नियातलं. तेव्हा बालाघाटने यवतमाळची भूमिका केली, यात जगावेगळं काही नाही.

‘शेरनी’ला हे शिवाराचं गणित नेमकं कळलं आहे. सुरुवातीलाच वनखात्याचा एक माणूस हातापायांवर चालत ट्रॅप कॅमेऱ्यासमोरून जातो. कॅमेरा नीट टिपतोय की नाही हे तपासायला तो वाघ झालेला असतो. आपण हसतो. पण वाघाच्या जागी माणूस ही पुढची सगळी कथा त्या एका दृश्यात मांडून झालेली असते. जिवंत वाघीण पडद्यावर फार थोडा वेळ आहे. तिच्याऐवजी मिळतात पंजाचे ठसे, ट्रॅप कॅमेऱ्यातली चित्रं, घाबरलेल्या माणसांची गर्दी. ‘जॉज’मध्ये स्पीलबर्गचा यांत्रिक मासा सारखा बिघडायचा, म्हणून मासा कमी दिसला आणि भीती वाढली. मासूरकरांवर तशी वेळ आली नव्हती, त्यांनी ठरवून दाखवलं नाही. 2017 च्या ‘न्यूटन’मध्येही त्यांनी माओवाद्यांना असंच झाडांआड ठेवलं होतं.

राकेश हरिदास यांचा कॅमेरा वनाधिकारी झालेल्या विद्या बालनला बऱ्याचदा झाडांच्या गर्दीत लहान करून ठेवतो. सरकारी कचेरीत ती आणखी लहान होते. टेबलं, फायली आणि तिच्या बोलण्यावर हसणारे साहेब यांच्यात तिला हलायला जागा उरत नाही. वाघिणीची वाट तांब्याच्या खाणीने अडली आहे आणि अधिकारी बाईची खात्याने, हे वाक्य कुणी बोलत नाही. दोन्ही चौकटी सारख्या लावल्या की ते आपोआप कळतं. खऱ्या मोहिमेतला हत्ती-अत्तराचा गाजावाजा चित्रपटाच्या केंद्रस्थानी नाही, हा मला त्याचा सर्वांत मोठा संयम वाटतो. उलट वाघाच्या डोळ्यांत पाहिल्याच्या बढाया मारणारा, शरत सक्सेनांनी साकारलेला शिकारी मात्र थोडा व्यंगचित्राकडे झुकला आहे. तो जरा साधा ठेवला असता तर जास्त टोचला असता.

एक गोष्ट मात्र बालाघाटच्या सालवनाकडून मिळणार नव्हती. पांढरकवडा-राळेगावची भीती घनदाट जंगलाची नाही. काळी जमीन, मध्ये नाला, नाल्याकाठी झुडपं, धुऱ्याला लागून पुन्हा वावर, आणि वावरात पऱ्हाटी, म्हणजे कापूस. दसरा-दिवाळीच्या सुमाराला पऱ्हाटी छातीला लागते, शेजारी तूर त्याहून उंच होते, आणि नेमकी तेव्हाच वेचणी येते. वेचणारी बाई कमरेत वाकलेली असते. धुऱ्यावरून पाहणाऱ्याला ती दिसत नाही, आणि तिला दोन ओळींपलीकडचं दिसत नाही. रात्री जागलीला गेलेल्या माणसाच्या हातात बॅटरी असते; तिच्या झोतात दिसतं तेवढंच त्याचं जग. ही मांडणी कुठल्याही कलादिग्दर्शकाने केलेली नाही, दरवर्षी पीकच ती करून देतं. टिपेश्वर अभयारण्यातून वाघ बाहेर पडू लागले तसा या भागातल्या शेतकऱ्याला तिचा अर्थ वेगळा कळला.

अलीकडच्या वेब मालिकांना हे साधत नाही याचं एक कारण ड्रोन आहे. पहिल्याच मिनिटाला कॅमेरा आभाळात जातो आणि गाव, रस्ता, नाला, जंगल सगळं ताटात वाढून ठेवतो. मग लपायला जागा राहते कुठे? पात्राला जेवढं दिसतं त्याहून फार जास्त प्रेक्षकाला दिसलं की वेचणाऱ्या बाईची भीती त्याच्यापर्यंत पोचत नाही. खऱ्या मोहिमेतही ड्रोन होतेच. वाघीण शेवटी समोर आली ती गाडीतून गेलेल्या पथकाला. पुढे कुणी यवतमाळात येऊन थरारपट करणार असेल, तर त्याने नोव्हेंबरात यावं, उलंगवाडीच्या, म्हणजे कापसाचा हंगाम संपण्याच्या आधी, आणि कॅमेरा पऱ्हाटीच्या उंचीवर ठेवावा.